कशेळीतला बेलक्रँक

मामाने टेबलावरचा भुसा फुंकरीने उडवला आणि ब्रॅकेट माझ्यापुढे ठेवलं.

“बघ. आधी नखाने बघ, मग उघड तुझे ते डबे.”

मी अंगठ्याचं नख वाकावरून फिरवलं. कुठेच अडकलं नाही. दोन मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा काटकोनात वळवलेला, कडा कानस मारून वर पॉलिश पेपरने गोल केलेल्या, चारही भोकं रीमरने साफ केलेली. कुठल्या भोकाच्या कडेला बर नाही. जन्मभर टूलरूममध्ये घासलेल्या हाताचं काम लगेच ओळखू येतं. ते टेबलावर परत ठेवावंसं वाटत नाही.

मामाचा गाळा कशेळीत, ठाणे-भिवंडी रस्त्यापासून थोडा आत. अलीकडे-पलीकडे फर्निचरवाले. दिवसभर कटर चालतो, प्लायवूड आणि फेव्हिकॉलचा वास भिंतीतून येतो, आणि कितीही झाडा, संध्याकाळी टेबलावर भुशाचा थर बसलेला असतोच. म्हणून मामाने विमानाच्या भागांसाठी आत काचेची वेगळी खोली केली आहे. तिच्या दारात चपला काढाव्या लागतात. मामी म्हणते, देवघरातही हा एवढा सोवळा नसतो.

तो वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूम फिटर होता. मी परवानाधारक विमान देखभाल इंजिनियर. माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांनी बनवलेले भाग काढण्यात, तपासण्यात, बसवण्यात आणि सह्या करण्यात जातं. मामाने परदेशातून नकाशे मागवून दोन माणसांचं, संपूर्ण पत्र्याचं विमान बांधायला घेतलं आहे. शेपटी झाली आहे. आता कंट्रोलचे भाग चाललेत, म्हणजे वैमानिकाच्या हातातल्या काठीपासून शेपटीवरच्या हलत्या फळीपर्यंतचं सगळं. आमचं खरं भांडण या भागांवरूनच आहे. पंखाची एखादी रिबिट वाकडी बसली तर मी मामाला काही बोलत नाही. ही साखळी निराळी. तिच्यात एकही दुवा जादा नाही.

“नख अडकलं नाही,” मी म्हटलं. “तरी मी रंग मारणार.”

“मार. पण तोवर माझं ऐक.”

मी ब्रॅकेट क्लीनरने पुसलं, वाळू दिलं आणि लाल डाय पेनेट्रंट फवारला. बारीक भेग असली तर हा लाल द्रव तिच्यात आपोआप शिरतो. त्याला शिरायला दहा-पंधरा मिनिटं द्यायची, वरचा रंग पुसायचा आणि पांढरा डेव्हलपर मारायचा. आत लपलेला लाल रंग मग पांढऱ्यावर फुटून येतो. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

“हे ब्रॅकेट धरतं काय, ते बघितलंस?” मामाने शेजारची फळी पुढे ओढली. फळीवर त्याने सगळी जोडणी खरी मांडली होती. काठी, तिच्या बुडाशी स्टीलची आडवी नळी, तिथून निघालेला पुशरॉड, आणि मध्ये बेलक्रँक.

बेलक्रँक ज्यांनी बघितला नाही त्यांनी जुनी सायकल आठवावी. केबलच्या ऐवजी सळीचे ब्रेक असायचे, त्या काळ्या उंच सायकली. हँडलखालची मूठ आवळली की सळी वर खेचली जायची आणि वाटेत एका कोनाकृती तुकड्यावर वळून मागच्या चाकापर्यंत पोचायची. तो कोनाकृती तुकडा म्हणजे बेलक्रँक. मध्ये खिळलेला, दोन हातांचा. एका हाताला ढकललं की दुसरा हात निराळ्या दिशेला ढकलतो. राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं, आणि १९०३ सालच्या त्यांच्या विमानात पंखे फिरवायला साखळ्या होत्या. मामाला ही गोष्ट फार आवडते. त्या विमानाचं इंजिन चार्ली टेलर नावाच्या त्यांच्याच दुकानातल्या कारागिराने साधारण सहा आठवड्यांत बनवलं, हे तो प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

“टेलरकडे कुठलं सर्टिफिकेट होतं?” त्याने मलाही विचारलंच.

“टेलरच्या वेळी डोक्यावरून कोणी उडत नव्हतं मामा. खाली कशेळी नव्हती.”

“बरं. मग हे बोल्ट सांग. हे तू नापास केलेस. का?”

बोल्ट नागदेवी स्ट्रीटवरून आणलेले होते. डोक्यावर ८.८ असा शिक्का. मामाने माझ्यासाठी वहीत हिशोब लिहून ठेवला होता. ८.८ म्हणजे ताणाची ताकद ८०० मेगापास्कल. विमानाच्या एएन बोल्टची १,२५,००० पौंड दर चौरस इंचाला, म्हणजे साधारण ८६०. “सात टक्क्यांचा फरक. किमतीत किती पट आहे, ते तूच सांग.”

“ताकदीसाठी नापास नाही केले. हा बोल्ट हातात घे. आटे कुठपर्यंत आलेत?”

त्याने व्हर्नियर लावायची गरज नव्हती. आटे जवळजवळ डोक्यापर्यंत होते.

“बेलक्रँकच्या भोकात तुझा हा बोल्ट आट्यांवर टेकणार. काठी मागे-पुढे झाली की आटे भोक कुरतडणार. आज तुझ्या भोकात बोल्ट अंगठ्याने दाबून जातो, शंभर तासांनी तो खडखडेल. एएन बोल्टचा गुळगुळीत भाग पत्र्यांच्या जाडीच्या हिशोबाने मापात येतो. आटे बाहेर, फक्त नटासाठी. आणि जिथे सांधा फिरतो तिथे नायलॉनचा नट चालत नाही. खाचांचा कॅसल नट आणि स्प्लिट पिनच लागते. फिरता सांधा नायलॉनला हळूहळू सोडवतो.”

“स्प्लिट पिन घातलीय.”

“घातलीस. ती मी बघितली, आणि मला आवडलीही. टोकं कशी वळवलीस! पण बोल्टचं डोकं खाली आहे.”

मामा थांबला. मी सांगितलं की शक्य तिथे डोकं वर किंवा पुढे ठेवायचं. कधी काळी नट गळून पडला तरी बोल्ट आपल्या वजनाने भोकात राहतो आणि माणूस घरी पोचतो. त्याने काही न बोलता पाना उचलला आणि बोल्ट उलटा केला. टूलरूमच्या माणसाला कारण पटलं की तो वाद घालत नाही, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. कारण न सांगता नियम फेकला की मात्र तो दिवसभर भांडतो.

चार बारा. ब्रॅकेटवरचा लाल रंग ओला चमकत होता.

“तुझं म्हणणं काय आहे ते मला कळतं,” मामा म्हणाला. “तुला वाटतं हे कंपनीने करायचं काम आहे. बॅच नंबर, कागद, शिक्का. पण मी बीकेसीला काय बघून आलो ते विसरू नकोस.”

२०१६ च्या फेब्रुवारीत बीकेसीच्या मैदानावर मेक इन इंडियाचा सप्ताह भरला होता. तिथे कॅप्टन अमोल यादव यांचं सहा आसनी विमान उभं होतं. कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं, टीएसी-००३ नावाचं. मामा आधी एकटा गेला, मग मामीला घेऊन परत गेला. त्याने विमानाभोवती काय बघितलं तर रिबिटांच्या ओळी. पंख्याचे फोटो सगळेच काढत होते, मामाच्या मोबाइलमध्ये फक्त रिबिटा होत्या. त्या दिवसापासून हे विमान त्याच्या डोक्यात आहे.

“गच्चीवर! गच्चीवर पत्रा चढवायचा, तिथेच कापायचा, तिथेच रिबिट मारायची. कोणत्या कंपनीने केलं? माणसाने केलं.”

“आणि मग काय झालं, तेही सांग.”

“नोंदणीसाठी वर्षं घालवली त्यांची.”

“हो, घालवली. नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी झाली, व्हीटी-एनएमडी. २०१९ मध्ये उडवून बघायची परवानगी मिळाली. २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं. एवढी वर्षं जायला नको होती हे मलाही मान्य आहे. एखादा माणूस देशात नवं काही बांधतो तेव्हा सरकारी टेबलाने त्याच्याबरोबर बसून वाट काढायला हवी. पण मामा, यादव स्वतः विमान कंपनीत वैमानिक होते. रोज हातात काठी धरणारा माणूस. आणि ते विमान ‘तिसरं’ आहे हे त्याच्या नावातच आहे. तू बघितलंस ते तिसरं. त्याआधीच्या दोन प्रयत्नांमधून ते जे शिकले असतील ते बीकेसीला मांडलेलं नव्हतं.”

यादवांबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे, आणि तो मामाच्या आदराहून कमी नाही. फक्त तो गच्चीपाशी थांबत नाही. गच्चीवरचं काम धाडसाचं होतं. त्यापुढची चिकाटी, म्हणजे तेच विमान पुन्हा पुन्हा उघडून दुसऱ्याला दाखवणं आणि प्रश्नांची उत्तरं देणं, मला त्याहून अवघड वाटते. बातम्यांनी पहिल्या भागावर रकाने भरले. दुसरा भाग माझ्यासारख्यांनाच दिसतो, कारण आमचा सगळा दिवस त्यातच जातो.

“मग मी कुठे म्हणतो उद्याच उडवतो?” मामा म्हणाला. “उडायला परवानगी मिळेल तेव्हा मिळेल. मी माझा भाग चोख करतो. तपासूनही बघितलाय.”

तपासलं होतं हे खरं. लहान विमानांच्या अमेरिकी नियमांत २०१७ पर्यंत एक आकडा होता. माणूस घाबरून काठी जीव खाऊन ओढतो तेव्हा जास्तीत जास्त १६७ पौंड, म्हणजे साधारण ७५ किलोचा जोर एलिव्हेटरच्या, म्हणजे शेपटीवरच्या त्या हलत्या फळीच्या, यंत्रणेने सहन केला पाहिजे. त्याच्या दीडपट जोरालाही काही तुटता कामा नये. मामाने शेपटीकडचं टोक जखडलं, काठीला दोर बांधला, दोर कप्पीवरून सोडला आणि खाली सिमेंटच्या दोन गोण्या लटकवल्या. वर तेरा किलो भंगार, वजनकाट्यावर मोजून. झाले ११३ किलो. नियमाला तीन सेकंद पुरत होते. मामाने रात्रभर ठेवलं. सकाळी मामीने चहा आणला तेव्हा गोण्या होत्या तिथेच होत्या.

“तीन सेकंदाला रात्रभर. आता बोल!”

“रात्रभर एकदा,” मी म्हटलं. “विमानात तो जोर एकदा येत नाही. थोडा थोडा, लाखो वेळा येतो. गोण्यांना थरथर नसते मामा.”

मग मी त्याला झेनिथच्या सीएच ६०१ एक्सएलची गोष्ट सांगितली. ख्रिस हाइन्ट्झ यांनी आखलेलं दोन आसनी, संपूर्ण धातूचं विमान, घरी बांधणाऱ्यांत अतिशय आवडतं. मामाच्या विमानाच्या जातकुळीचंच. यातली काही विमानं हवेतच मोडून पडली आणि माणसं गेली. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने ही विमानं जमिनीवर ठेवा म्हणून सांगितलं, आणि वर्ष संपायच्या आत दुरुस्त्यांची यादी आली. पंखाला बळकटी, आणि आयलेरॉनच्या, म्हणजे पंखावरच्या हलत्या फळीच्या, पुढे तोल साधणारी वजनं. तपासात एक बारीकशी गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती, कंट्रोलच्या केबलचा ताण. केबल ढिली असली की हलती फळी वाऱ्यात फडफडायला लागते. फडफड पंखाला लागली की पंख तिला साथ देतो, आणि मग ते थांबवायला वैमानिकाला वेळच मिळत नाही.

“म्हणजे तिथे भाग तुटला नाही.”

“प्रश्न फक्त भागाच्या ताकदीचा नव्हता. तुझ्या गोण्यांना ताकद कळते. खेळ किती आहे, ढिलाई किती, तोल कुठे आहे, हे त्यांना कळत नाही.”

मामाने काठी दोन बोटांत धरली आणि हळूच हलवली. दुसऱ्या टोकाला त्याने सुई बसवली होती. काठी हलल्यावर सुई किती वेळ गप्प राहते ते तो बघत होता. सुई लगेच हलली. त्याने माझ्याकडे बघितलं, पण बोलला नाही.

चार वीस झाले. मामीचा चहा आला. मामाने बशीत ओतला आणि एकदम म्हणाला, “एक विचारू? तुमच्या परवान्यांच्या जगात हे सगळं चुकत नाही?”

खोटं बोलावं असा प्रश्न नव्हता.

८ जानेवारी २००३. अमेरिकेत शार्लट विमानतळावरून एअर मिडवेस्टचं लहान प्रवासी विमान, फ्लाइट ५४८१, उडालं आणि नाक वर करून आदळलं. आतले सगळे २१ जण गेले. दोन रात्री आधी त्याच्या एलिव्हेटरच्या केबलचा ताण जुळवला होता. जुळवणी चुकली, त्यामुळे काठी पुढे ढकलली तरी एलिव्हेटर पुरेसा खाली जात नव्हता. विमानात सामानही जास्त होतं आणि भार मागे गेला होता. देखभालीनंतर ते नऊ वेळा नीट उडालं होतं, दहाव्यांदा नाक खाली आणायची गरज पडली तेव्हा यंत्रणेत जागाच उरली नव्हती.

“कामाच्या पुस्तकात शेवटी एक पायरी होती. फळी वर किती जाते, खाली किती जाते, ते मोजायची. ती गाळली. मोजलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.”

“आणि तपासणारा?”

“तपासणाराच त्या कारागिराला काम शिकवत होता. शिकवलं त्यानेच, तपासलं त्यानेच, सही त्याचीच.”

मामा बराच वेळ बशीकडे बघत राहिला. “म्हणजे दोन माणसं होती, पण डोळे एकाचेच.”

मी त्याला कधी न सांगितलेली एक गोष्ट तेव्हा सांगितली. नोकरीच्या सुरुवातीची. रात्रपाळी, एलिव्हेटरच्या पुशरॉडचे बोल्ट मी बसवत होते. एका बोल्टला नट घातला, टॉर्क दिला, तेवढ्यात कोणीतरी हाक मारली. दहा मिनिटांनी परत आले आणि पुढच्या बोल्टपासून सुरू केलं. स्प्लिट पिन राहिली. कंट्रोलच्या कामाला दोघांनी स्वतंत्रपणे तपासण्याचा नियम आहे. दुसरे तपासनीस वयस्क होते. त्यांनी आरसा आणि बॅटरी आत घातली, एकेक सांधा बोटाने मोजला आणि मला बोलावून आरशात दाखवलं. रिकामं भोक. ते ओरडले नाहीत. “घाल,” एवढंच म्हणाले, आणि मी घालेपर्यंत बॅटरी धरून उभे राहिले. मला आजही तो उजेडाचा गोल दिसतो. तोच सांधा त्याआधी मी स्वतः दोनदा बघितला होता, आणि दोन्ही वेळा मला त्यात पिन दिसली होती.

“दिसली म्हणजे?”

“दिसली मामा. आपण घातलीच असणार हे डोक्याला माहीत असतं, मग डोळे तेच दाखवतात.”

“हं.” त्याने बशी खाली ठेवली. “पण माझं एक ऐक. त्या कारागिराला त्या विमानात बसायचं नव्हतं. मला बसायचंय. हा फरक तू धरतच नाहीस. मी जो बोल्ट आवळतो त्यावर माझा जीव आहे. या विमानातला एकेक सांधा मला पाठ आहे. कुठला पत्रा सी. पी. टँकच्या कुठल्या दुकानातून आणला, कुठलं भोक सकाळी पाडलं, कुठलं संध्याकाळी डोळे थकल्यावर. तुझ्या कंपनीच्या भागाबरोबर कागद येतो. हे त्या कागदावर असतं का?”

नसतं. आणि या बाबतीत मामाचं पारडं माझ्याहून जड आहे, हे मला मान्य करावं लागलं. पुशरॉडच्या टोकाला चेंडूसारखं बेअरिंग असतं. त्याचा चेंडू कधी निसटला तर सांधा उघडा पडू नये म्हणून मामाने प्रत्येक ठिकाणी मोठा वॉशर घातला होता. नकाशात काही ठिकाणी तो नव्हता. नळीत आटे किती आत गेलेत ते बघायला बारीक भोक ठेवलं होतं, आणि त्या भोकातून तार घालून त्याने माझ्यासमोर प्रत्येक टोक तपासलं. हे त्याला कोणी लेखी दिलेलं नव्हतं. रात्री झोप लागत नाही तेव्हा तो मनातल्या मनात काठीपासून शेपटीपर्यंत चालत जातो आणि प्रत्येक सांध्यापाशी विचारतो, हा सुटला तर? एवढा विचार करणारी माणसं माझ्या हँगरमध्येही मोजकीच आहेत.

तरी जीव गुंतलेला असला म्हणून नजर धारदार होते, हे मला पटत नाही. उलटंच होतं बऱ्याचदा. स्वतःच्या पोरातलं वैगुण्य आईला दिसत नाही, तसं.

साडेचार. वाद आवरता घ्यावा म्हणून मी उठले, कापडाने वरचा लाल रंग पुसला, क्लीनरचा डबा उचलला आणि नोझल ब्रॅकेटवर धरलं.

“थांब!” मामा ओरडला. पेनेट्रंटचा रिकामा खोका त्याच्या हातात होता आणि चष्मा नाकावर. “इथे लिहिलंय, क्लीनर कापडावर घ्यायचा. भागावर थेट मारायचा नाही.”

माझा हात तसाच राहिला. थेट मारला असता तर भेगेत शिरलेला रंगही धुऊन निघाला असता. मग डेव्हलपर पांढराशुभ्र राहिला असता आणि ब्रॅकेट पास झालं असतं. हे मला माहीत आहे. कित्येक वर्षं करते आहे. पण डोकं शार्लटमध्ये होतं आणि हात त्याच्या सवयीने घाईत.

मी क्लीनर कापडावर घेतला. हलकेच पुसलं. मग पांढरा डेव्हलपर एका पातळ थरात मारला आणि दोघंही टेबलाच्या दोन बाजूंनी वाकून बसलो. पलीकडचा कटर बंद झाला होता. रस्त्यावरून ट्रक जात होते.

आधी काहीच नव्हतं. पांढरं वाळत आलं तशी वाकाच्या बाहेरच्या बाजूला, डाव्या कडेपासून साधारण बोटभर आत, गुलाबी छटा दिसली. मग ती गडद झाली. केसाएवढी लाल रेघ, सरळ, पट्टी लावून मारल्यासारखी. आठ-नऊ मिलिमीटर.

सरळ होती म्हणूनच मला कळलं. भेग अशी सरळ जात नाही, तिला कोणीतरी वाट आखून दिलेली असते.

“मामा, वाकाची रेघ कशाने मारली होतीस?”

त्याने उत्तर दिलं नाही. फडताळातून स्क्रायबर काढून टेबलावर ठेवला. कार्बाइडचं टोक, मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली. कारखान्याच्या पहिल्या वर्षापासून त्याच्याकडे असलेला. स्टीलवर मोरचुदाचं पाणी लावायचं, तांब्याचा लालसर थर बसला की त्यावर या टोकाने रेघ मारायची. हजारो साच्यांवर त्याने अशा रेघा मारल्या, आणि एकही चुकली नाही. स्टीलच्या ठोकळ्यावर ती रेघ निरुपद्रवी असते. अॅल्युमिनियमच्या कडक पत्र्यावर, त्यातही वाकाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे धातू ताणला जातो, तिथे ती चीर होते. वाकवून झाल्यावर त्याने पॉलिश पेपर मारला आणि रेघ दिसेनाशी झाली. नखालाही लागली नाही. तळ तसाच राहिला. मग ११३ किलो, रात्रभर.

“मोरचूद नव्हतं लावलं,” तो हळू आवाजात म्हणाला. “अॅल्युमिनियमला ते खातं हे मला ठाऊक होतं. स्क्रायबरचं डोक्यातच आलं नाही.” मग थोड्या वेळाने, “अजून एक आहे. पत्रा वाचवायला मी हे आडवं कापलं. वाक रोलिंगच्या रेषेला समांतर आलाय. तो काटकोनात यायला हवा होता.”

हे मला दिसलं नव्हतं. पत्र्यावरच्या लाटणीच्या बारीक रेषा पॉलिशने गेल्या होत्या. तो बोलला नसता तर मी सगळा दोष स्क्रायबरवर टाकून नवं ब्रॅकेट पुन्हा तसंच आडवं कापू दिलं असतं.

मी लाल टॅग शोधत होते. हँगरमध्ये नापास भागाला तो लावतात, आणि मग भाग असा मोडतात की तो चुकूनही कुणाच्या हाती परत पडू नये. मामाने टॅगची वाट बघितली नाही. ब्रॅकेट वाइसमध्ये धरलं, आरी घेतली आणि वाकाच्या बरोबर मधून कापायला लागला. भोकं रीमरने साफ करायला त्याला अख्खी दुपार लागली होती. आरीचा आवाज अर्ध्यावर बदलला. भेगेपाशी दात एकदम सैल गेले आणि दोन्ही तुकडे वेगळे झाले. त्याने ते उजेडात धरून कापलेली कड बघितली, मला दाखवली, आणि तुकडे भंगाराच्या गोणीत टाकण्याऐवजी खिडकीच्या पट्टीवर ठेवले.

नवा पत्रा टेबलावर आला. त्याने आधी लाटणीची दिशा बघितली आणि कोपऱ्यात बाण काढला. स्क्रायबर फडताळात गेला. शिसपेन्सिल मी आधीच बाजूला केली होती, कारण ग्रॅफाइट पत्र्यावर राहिलं तर तिथे गंज धरतो. मामीने नातवाच्या दप्तरातलं बारीक टोकाचं स्केचपेन आणून दिलं.

मामाने ते माझ्या हातात दिलं.

“तू आख. मी बघतो.”

मी पट्टी धरून वाकाची रेघ मारली. त्याने गुण्या लावला, चष्मा वर सरकवला, पुन्हा गुण्या लावला. माझी रेघ अर्ध्या मिलिमीटरने तिरकी होती. त्याने थिनरचा बोळा पुढे केला.